टोपड्याचा दोरा

आमच्या घरात बाळांची टोपडी मी शिवायची. मला ते कोणी शिकवलं नव्हतं. माझ्या पहिल्या मुलाच्या वेळी जुन्या लुगड्याच्या मऊ कापडाचं एक शिवलं, ते बरं झालं, तेव्हापासून गल्लीतलं कुठलंही बाळ महिन्याचं झालं की त्याची आई दारात यायची. मापासाठी माझ्याकडे टेप नव्हती. बाळाच्या कपाळावरून, कानांच्या वरून दोरा फिरवायचा, जुळतो तिथे गाठ मारायची, दोन बोटं जास्त धरून कापड कापायचं. प्रत्येक बाळाचा दोरा वेगळा असे. वाढत्या डोक्याचं पुढचं टोपडं शिवताना त्याच दोऱ्यावर पुढे दुसरी गाठ पडे. हे दोरे मी शिवणाच्या डब्यात गुंडाळून ठेवायची.

माझ्या धाकट्या जावेच्या मुलीच्या दोऱ्यावर तीन महिन्यांत चार गाठी पडल्या होत्या. मी त्या मोजल्या होत्या, आणि कोणाला सांगितलं नव्हतं. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढचं सगळं लिहिताना ते लपवावंसं वाटेल.

आमचं गाव बोदवड आणि एदलाबादच्या मध्ये. एदलाबादला आता मुक्ताईनगर म्हणतात. शेत केळीचं आणि थोडं कपाशीचं. धाकटी जाऊ शिरपूरकडची, म्हणजे धुळे जिल्ह्यातली. तिची बोली आमच्यापेक्षा वेगळी. आमच्याकडे 'हाये' म्हणतात, ती 'शे' म्हणायची. सगळ्याला 'बठ्ठं' म्हणायची. सासूबाई तिला चिडवायच्या, "काय व माय, शे शे लावलं. शेळी हाकलते का?" ती हसून म्हणायची, "हाकलस ना. तुम्हना घरमा बठ्ठ्या शेळ्याच शेतस." सासूबाईंना असं उत्तर द्यायची माझी कधी छाती झाली नसती. मी त्या घरात सात वर्षं आधी आलेली, आणि अजून भाजीत मीठ कमी असलं तरी मागून घेत नव्हते.

ती शाळेत गेलीच नव्हती. पण केळीला पाणी देण्यात तिच्यासारखं कोणी नव्हतं. आमच्याकडे बायका निंदायला, घड वाहायला जात, पण बारं धरायला, म्हणजे पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायला, पुरुष असत. ती माहेरी वडिलांबरोबर हेच करायची. लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात तिने दिराच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, हातातून फावडं घेतलं आणि परत दिलं नाही. पाट कुठे फुटला आहे हे ती बांधावर उभी राहून कानाने सांगायची. माझे यजमान आधी हसले, मग विचारू लागले.

तिची मुलगी माहेरी जन्मली आणि तीन महिन्यांची होऊन आमच्याकडे आली. जाऊ आठवड्यातच शेतावर जाऊ लागली. लाईट दुपारी यायची, मोटार तेव्हाच चालायची, म्हणून ती दुपारी जाई आणि मुलगी माझ्याकडे असे. रोज सकाळी आंघोळीनंतर बाळाची टाळू तेलाने भरायचं काम सासूबाईंचं होतं. त्यांची बोटं दुखू लागली तेव्हा ते माझ्याकडे आलं.

टाळूवर तळहात ठेवला की बाळाची धडधड लागते, ते मला माहीत होतं. दोन मुलं वाढवली होती. पण हिच्या टाळूखाली धडधड नव्हती, घरघर होती. मोटार सुरू झाल्यावर लोखंडी पाइपावर हात ठेवला तर जशी लागते तशी. मध्ये मध्ये जोर धरणारी. मी सासूबाईंना तेवढंच म्हणाले, "हिची टाळू हातामंधी थरथरते."

"तेल पेऊ रायली टाळू. कोरडी हाये. अजून टाक," त्या म्हणाल्या.

मी अजून तेल टाकलं. दुसऱ्या दिवशी दुप्पट टाकलं. आमच्या घरात टाळूचं काहीही झालं तर औषध एकच, तेल. तेल केसांतून गळून उशीवर यायचं, आणि घरघर तशीच राहायची. आणि टोपडं पंधरा दिवसांत तंग झालं. मी दोरा घेतला, गाठ पुढे सरकली, मोठं टोपडं शिवलं. तेही तंग झालं. पुन्हा शिवलं. सासूबाई म्हणाल्या, "डोकं मोठं हाये, आजोबावर गेली. मास्तरीन होईन." सगळे हसले, मीही हसले. डोकं टोपड्यात मावत नाही तर टोपडं मोठं करायचं, याच्यापलीकडे माझी अक्कल गेली नाही असं मी म्हणू शकले असते. पण ते खरं नाही. मला पहिल्या पंधरा दिवसांतच कळलं होतं की काहीतरी बरोबर नाही. कपाळावरच्या निळ्या शिरा दिसत होत्या. दूध पिताना तिला घाम फुटत होता. मी बोलले नाही, कारण मग सगळे माझ्याकडे बघतील, आणि मला विचारतील, तुले कसं समजलं?

शेवटी एका दुपारी जाऊ शेतावरून लवकर आली. लाईट गेली होती. पायाला चिखल तसाच, ओट्यावर बसून तिने मुलीला दूध पाजायला घेतलं. घरात दुसरं कोणी नव्हतं. मी म्हणाले, "हिच्या डोक्याले कान लाव बरं."

"काय व्हयनं?"

"लाव तर."

तिने कान लावला. पाट ऐकताना करायची तसे डोळे मिटले. मुलगी दूध पिऊन झोपली तरी तिचा कान तिथेच.

"अक्का," ती म्हणाली, "आठे पानी पळी राहिनं." इथे पाणी पळतंय.

संध्याकाळी घरात बोलणं झालं. सासूबाई म्हणाल्या, दृष्ट काढू, महिनाभर बघू. यजमान म्हणाले, केळी कापणीला आली आहे, कापणी झाली की जळगावला दाखवू. जाऊ उभीच होती. तिने कोणाला उलट उत्तर दिलं नाही, फक्त म्हणाली, "मनी आंडेर शे. मी सकायले धुळाले लई जासू." आंडेर म्हणजे मुलगी. तिच्या माहेरचं गाव सगळं धुळ्यालाच दवाखान्याला जायचं, म्हणून धुळं. मग माझ्याकडे बोट करून म्हणाली, "आनि अक्काले संगे लई जासू. तिले वाचता येस."

चौथीपर्यंत शिकलेली मी त्या घरातली एकटीच बाई होते. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग म्हणाल्या, "जाय. पोरायले मी पाहीन." त्यांच्या तोंडून हे इतकं सरळ येईल असं वाटलं नव्हतं.

आम्ही सकाळी बोदवडहून गाडीने जळगावला आलो, तिथून धुळ्याची एसटी. दीर पुढच्या बाकावर, आम्ही दोघी मागे. मुलगी तिच्या मांडीवर. जळगाव सुटल्यावर मला राहवेना. खिडकीकडे तोंड करून मी म्हणाले, "मले हे आधीपासून माहीत होतं. तुहे पाय दाराबाहेर पडले का मी टाळूवर हात ठेवायची. मी सांगितलं नही."

एरंडोल गेलं. पारोळा आलं, चहावाले खिडकीशी ओरडून गेले. मी तिच्याकडे पाहू शकत नव्हते. गाडी पुन्हा हलली तेव्हा तिने विचारलं, "टोपडाना दोरा तुनाजोडे शे का?"

दोरा माझ्या पिशवीत होता. का घेतला होता कोण जाणे. मी म्हणाले, "शे."

तिची बोली माझ्या तोंडून पहिल्यांदा निघाली. ती हसली नाही. "संभाळी ठेव," एवढंच म्हणाली, आणि मुलीला माझ्या मांडीवर दिलं. माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही, आणि राग आहे असंही नाही. त्या दिवसापासून आजपर्यंत तो विषय तिने काढलेला नाही.

धुळ्याचे लहान मुलांचे डॉक्टर वयस्कर होते. तिचं बोलणं ऐकल्याबरोबर तेही तिच्याच बोलीत विचारू लागले, "काय व्हयनं पोरले? कवयपशी?" ती मोकळी झाली. घाम, शिरा, घरघर, सगळं सांगितलं. त्यांनी नळी छातीला लावली, मग मी कधी पाहिलं नव्हतं ते केलं. नळी मुलीच्या डोक्याला लावली. आधी टाळूला, मग कानामागे. त्यांनीही डोळे मिटले. मला वाटलं, ही दोघं एकाच शाळेत शिकली.

"डोकं कधीपासून वाढतंय?" त्यांनी विचारलं. दीर म्हणाले, जन्मापासूनच मोठं असेल. जाऊने माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीतून दोरा काढून टेबलावर ठेवला. मग जाऊच म्हणाली, "ह्या गाठी शेतस. अक्का टोपडं शिवस."

डॉक्टरांनी दोरा पट्टीवर लावून मोजला. कुठली गाठ कधीची हे एकेक करून विचारलं, आणि मला एकेक करून सांगावं लागलं. पहिली ती आली त्या शनिवारची. दुसरी पंधरा दिवसांनी. ते लिहून घेत गेले. मग तो दोरा त्यांनी केसपेपराला टाचणीने लावला. म्हणाले, "बाई, वजनाचा कागद लोक हरवून येतात. हे मात्र चांगलं केलं." मी मान खाली घातली. चांगलं काय केलं होतं ते माझं मला माहीत होतं.

दुपारी टाळूवर यंत्र फिरवून आतलं चित्र काढलं. पडद्यावर मेंदूच्या मधोमध काळा गोल डबरा दिसत होता. डॉक्टरांनी आम्हाला बसवून पाठकोऱ्या कागदावर पेनाने काढून दाखवलं. ते म्हणाले, हृदयातून रक्त जोरात निघतं, मोठ्या नळीतून लहान नळीत, लहानातून केसाएवढ्या बारीक नळीत जातं, तिथे मेंदूला मिळतं, मग सावकाश परत येतं. हिच्या मेंदूत जन्माआधीच एका ठिकाणी मोठी नळी सरळ परतीच्या शिरेला जुळली आहे. मध्ये बारीक नळ्याच नाहीत. शिरेला एवढा जोर सोसत नाही, म्हणून ती फुगली. असं फार थोड्या मुलांत होतं, मी माझ्या सगळ्या नोकरीत दुसऱ्यांदा पाहतोय.

दीर कागदाकडे बघत राहिले. मला निम्मं कळलं. जाऊने बोट कागदावर ठेवलं.

"म्हंजे पाट फुटी ग्या," ती म्हणाली. "पानी वाफामा जातंच नही. पाटमाईन सरळ नालामा. मोटार चाली राहिनी, पन केय सुकी राहिनी." केळीला ती केय म्हणायची.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आणि मोटार?" त्यांनी विचारलं.

"मोटार थकी जाई. पानी पुरस नही म्हनीसन जास्त चालस."

"म्हणून दूध पिताना घाम येतो," डॉक्टर म्हणाले. नंतर बराच वेळ ते तिच्याशीच बोलले. कॉलेजच्या पोरांना हे समजवायला मला दोन तास लागतात, असं ते दिराला म्हणाले. ते डॉक्टर मला आजही मोठे वाटतात ते याच्यासाठी. आजार ओळखला म्हणून तर आहेच. पण एका अडाणी बाईला आपल्यापेक्षा लवकर समजलं तेव्हा ते खूष झाले.

इलाज मुंबईला होता, तोही नवीन. मुंबईच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात एक डॉक्टर जांघेतल्या शिरेतून बारीक नळी थेट मेंदूपर्यंत नेत आणि ती फुटलेली जागा आतून बुजवत. धुळ्याच्या डॉक्टरांनी त्यांना फोन केला, चिठ्ठी दिली. आम्ही गावी न जाता तिथूनच गेलो.

मुंबईचं मी फार काही पाहिलं नाही. एक लांब वऱ्हांडा, हिरव्या रंगाच्या भिंती आणि खिडकीतला एक पिंपळ, एवढंच आठवतं. तपासण्यांत दहा-बारा दिवस गेले. मग सहीचा कागद आला. एका बाजूला इंग्रजी, मागे मराठी. दिराच्या हातात दिला, त्यांनी दोन ओळी वाचल्या आणि कागद बाकावर ठेवून खिडकीशी जाऊन उभे राहिले. त्यांची पाठ हलत होती.

जाऊने कागद उचलून माझ्याकडे दिला. "बठ्ठं वाच. एक बी सबद सोडू नको."

वऱ्हांड्यात दहा-पंधरा माणसं होती. मी शाळा सोडल्यापासून चारचौघांत मोठ्याने काही वाचलेलं नव्हतं. आरतीसुद्धा मनात म्हणायची. मी हळू सुरू केलं. ती म्हणाली, "मोठ्याने." मी मोठ्याने वाचलं. उपचार करताना रक्तस्राव होऊ शकतो. अर्धांगवायू होऊ शकतो. या शब्दाला मी अडखळले, पुन्हा वाचला. दृष्टी जाऊ शकते. जिवाला धोका होऊ शकतो. तिने शेवटचं वाक्य परत वाचायला लावलं, मी परत वाचलं.

"आनि नही करं तर?" तिने विचारलं. ते कागदावर नव्हतं.

ते सांगायला मुंबईचे डॉक्टर स्वतः आले. तरुण होते, दाढी वाढलेली, घाईत. म्हणाले, नाही केलं तर हृदय थकत जाईल, मेंदू वाढणार नाही, वर्ष निघेल असं मला वाटत नाही. केलं तर आशा आहे, पण वाचेलच असं मी म्हणत नाही.

ती म्हणाली, "डाक्टरसाहेब, एक इचारू का?" आणि मग तिने जे विचारलं ते मी जन्मभर विसरणार नाही. तिने विचारलं, तुम्ही फुटल्या जागी औषध टाकणार. पण पाणी तिथे जोरात पळतंय. आम्ही फुटल्या पाटात नुसती माती टाकली तर ती वाहून जाते, नाल्यात जाऊन बसते. आधी केळीच्या वाळल्या पानांचा बोळा कोंबावा लागतो, पाणी मंदावलं की मग माती. तुमचं औषध वाहून पुढे गेलं तर?

निम्मं त्यांना समजलं नाही, मी मराठी करून सांगितलं. मी! अनोळखी पुरुषाला, तेही डॉक्टरांना. ते घाईत होते ते बाकावर बसले.

"त्याचीच आम्हाला भीती असते," ते म्हणाले. "औषध म्हणजे गोंद आहे. वाहून गेला तर फुप्फुसात जातो. म्हणून आधी बारीक तारेचं वेटोळं सोडतो. तुमचा बोळा. प्रवाह मंदावला की मग गोंद. आणि एकदम सगळं बंद करत नाही. थोडं आज, थोडं काही महिन्यांनी."

"एकदम बंद करं तर दुसरीकडे फुटी," ती म्हणाली.

"हो," डॉक्टर म्हणाले. "हो."

तिने अंगठा पुढे केला. कागदवाली बाई म्हणाली, "आधी हात धुऊन या हो, अंगठा काळा आहे." जाऊ म्हणाली, "धुयेल शे. हाऊ केयना चीक शे, निंघत नही." त्या काळ्या अंगठ्यालाच शाई लावून तिने ठसा उमटवला. दिरांनी शेजारी सही केली.

सकाळी आत नेलं. ऊन पिंपळावरून खाली उतरून वऱ्हांड्यात आलं, पायांवरून सरकत भिंतीवर चढलं, तरी दार उघडेना. ती देवाचं नाव घेत बसली नाही. माझ्या पिशवीतलं अर्धं टोपडं पाहून म्हणाली, "शिव ना." मी शिवत बसले. कुठल्या मापाचं ते विचारायची हिंमत नव्हती, तिनेही सांगितलं नाही. चार वाजायच्या सुमाराला डॉक्टर बाहेर आले, डोक्यावरची टोपी काढून हातात धरलेली. ते आधी तिच्याकडे आले. "बोळा बसला," ते म्हणाले. "माती थोडी टाकली. उरलेली पुढच्या वेळी."

मग ती रडली.

चार महिन्यांनी पुन्हा गेलो. त्या वेळी कागद वाचायला मला कोणी सांगायची गरज पडली नाही.

मुलगी अडीच वर्षांची झाल्यावर चालली. डावा पाय अजून किंचित ओढते. बोलायला उशीर झाला, आणि बोलू लागली ती आईची बोली, त्यामुळे आता घरात दोघी 'शे' म्हणतात आणि सासूबाईंना चिडवायला दुप्पट काम आहे. शाळेत गणिताला मागे पडते, माझ्याजवळ बसून वाचते मात्र छान. यंदा ती चौथीत आहे. पुढच्या वर्षी माझं शिक्षण तिला पुरायचं नाही. मी हे लिहिते आहे ती कोरी पानं तिच्याच मागच्या वर्षीच्या वहीतली.

गल्लीतल्या बायका अजून बाळांना घेऊन टोपड्यासाठी येतात. मी माप घ्यायच्या आधी टाळूला कान लावते. त्यांना ते चमत्कारिक वाटायचं. आता त्या स्वतःच बाळाचं डोकं माझ्या कानाशी धरतात. तशी घरघर पुन्हा कुठे ऐकली नाही. पण एकदा एका बाळाच्या दोऱ्याची गाठ फार पुढे सरकली, तेव्हा मी त्याच्या आजीला तोंडावर सांगितलं, दवाखान्यात ने, मी टोपडं शिवणार नाही. आजी रागावून गेली. पण नेलं.

दुसऱ्या खेपेनंतर आम्ही गावी परतलो ती सकाळ मला लिहून ठेवायची आहे. जाऊने मुलीला आंघोळ घालून माझ्या मांडीवर आणून दिलं. "आयक," म्हणाली. मी कान लावला. काही नव्हतं. इतक्या महिन्यांनी ती शांतता ऐकली आणि मी घाईने मुलीच्या छातीवर हात ठेवला. ती हलत होती, माझी बांगडी ओढत होती.

"काय आयकू येस?"

"काहीच नही."

तिने स्वतः कान लावला, डोळे मिटले. मग उठली, फावडं घेतलं. दुपारी लाईट यायच्या आत पाट पाहायचे होते, केळी महिनाभर परक्या हातात होती, तिला घाई होती. दारातून वळून म्हणाली, "दोरा लाव."

जुना दोरा धुळ्याच्या केसपेपरालाच राहिला होता. मुंबईच्या पहिल्या खेपेनंतर मी नवा घेतला होता. तो कपाळावरून फिरवला, कानांच्या वरून नेला, टोकं जुळवली. गाठ गेल्या महिन्याच्या गाठीवरच आली. खात्री व्हावी म्हणून मी तीनदा लावून पाहिला.

त्या महिन्यात मी तिला टोपडं शिवलं नाही. जुनंच बसत होतं.